नऊ छत्तीसचं कुलूप

माझ्या सासऱ्यांच्या मते जगात मुहूर्त कधीच चुकत नाही, चुकतं ते घड्याळ. हे मत त्यांनी माझ्या लग्नातच अमलात आणून दाखवलं होतं. मुहूर्त सकाळी साडेअकराचा. वरातीपुढे डीजे, डीजेपुढे नवऱ्याचे मित्र, आणि ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. वरात दाराशी आली तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. मी अंतरपाटाच्या अलीकडून सहज हॉलच्या भिंतीकडे पाहिलं, तर तिथे साडेअकराला थोडं कमी. मला वाटलं घड्याळ बंद पडलंय. पण सेकंदकाटा मजेत चालला होता. नंतर कळलं, की सासऱ्यांनी खुर्चीवर उभं राहून स्वतःच्या हाताने काटे मागे फिरवले होते, आणि गुरुजींनीही त्याच घड्याळाकडे बघून 'सावधान' म्हटलं होतं. आमच्या आसेगावात आणि आजूबाजूच्या गावांत अशी कितीतरी लग्नं त्यांनी वेळेवर लावून दिली आहेत. एकाही जोडप्याची तक्रार नाही, असं ते अभिमानाने सांगतात. घड्याळाबद्दल तरी नाही, असं मी मनातल्या मनात म्हणते.

सासरे सोयाबीन आणि तूर पिकवतात, पण त्यांचा जीव रमतो तो लग्नं जमवण्यात. दरवर्षी वाशीमच्या एका मंगल कार्यालयात आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा भरतो आणि त्याची सगळी धावपळ त्यांच्याकडे असते. पूर्वी मेळाव्याचं एक पुस्तक निघायचं. गुळगुळीत कागद, पानापानावर फोटो, खाली शिक्षण, उंची, मामाकुळ आणि मोबाईल नंबर. लग्नाळू मुलगा किंवा मुलगी असलेल्या प्रत्येक घरात ते पुस्तक टीव्हीशेजारी ठेवलेलं असायचं.

एका वर्षी त्या पुस्तकात माझ्या नणंदेचा फोटो आला. तिला न विचारता. सासऱ्यांना वाटलं, आपल्या पोरीचा फोटो आपण नाही द्यायचा तर कोणी द्यायचा? मेळावा झाला, उरलेली पुस्तकं रद्दीत गेली, आणि रद्दीतून बसस्टँडजवळच्या भजीच्या गाड्यावर. मग तिला फोन यायला लागले. भजी खाऊन झाल्यावर लोक फोन करायचे. एक जण तर रोज म्हणायचा, तुमच्या फोटोवर तेलाचा डाग पडला आहे, चेहरा नीट दिसत नाही, दुसरा पाठवा. आज सांगताना हसू येतं, तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं. ती वाशीमला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने नंबर बदलला, स्टँडवरून लॅबला जायचा रस्ता बदलला, आणि बापासमोर उभं राहून सांगितलं, "आता माहा फोटो कुठीच नाही." त्यानंतर लग्नाचा विषय निघाला की ती ताट अर्धं टाकून उठायची.

सासऱ्यांना ते लागलं होतं. मला दिसायचं. ती उठून गेली की ते तिच्या ताटाकडे बघत बसायचे. पण पोरीची माफी मागणं त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. बैल चुकून शेजाऱ्याच्या वावरात शिरला तर ते शेजाऱ्याला हात जोडतील, पण पोटच्या पोरीसमोर शब्द फुटायचा नाही. म्हणून त्यांनी दुसरंच केलं. समाजाच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं, की यंदापासून पुस्तक बंद. आता वेबसाईट.

"कोण बनवीन वेबसाईट?" कोणीतरी विचारलं.

"माही सूनबाई बनवीन," सासरे म्हणाले. मलाही विचारलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

मी घरी बसून लोकांच्या वेबसाईटी सांभाळते, तेव्हा काम माझ्या आवाक्यातलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती न विचारल्याबद्दल. पण त्या बैठकीत सासऱ्यांनी टेबलावर मूठ आपटून एक नियमही केला होता, आणि तो ऐकून माझा राग निम्मा उतरला. ते म्हणाले होते, "पोरीचा फोटो अन् नंबर कुलपात राहीन. ज्याले पाह्याचा हाय त्यानं विनंती पाठवावी. पोरगी हो म्हणीन तवाच दिसन. नाई तं तिच्या बापालेही दिसनार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नणंदेला मी हे सांगितलं तेव्हा ती रिपोर्टच्या पाकिटांवर शिक्के मारत होती. थांबली नाही. "वहिनी, बाबाचं बोलनं मले माहीत हाय," ती म्हणाली. "मेळाव्याच्या दिवशी, सगळ्याईसमोर, मोठ्या पडद्यावर कुलूप दिसलं तं मी नाव टाकीन. नाही दिसलं तं पुन्हा माह्यापाशी हा विषय काढायचा नाही. बाबानं नाही, आईनं नाही, तुमी बी नाही." हे मी सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "कुलूप पक्कं लाव बाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोटरसायकल काढली आणि गावोगाव कुलपाचा प्रचार सुरू केला. मंगरूळपीर, मानोरा, पोहरादेवीकडची गावं, कुठलंच सोडलं नाही. पारावर माणसं जमवायची, एकाचा फोन हातात घ्यायचा आणि शिकवायचं: "हे पाहा, पत्त्याच्या बाजूले कुलूप दिसलं तं समजायचं आपलं घर. लाल दिसलं तं फोन खिशात टाकायचा अन् उठून निघायचं. मंग समोर म्या का असोना." लोकांनी हे इतकं मनावर घेतलं की एका गावात म्हणे लाल रंगाच्या जाहिरातीलाही घाबरून लोक उठले. सासऱ्यांना स्वतःलाही यंत्राची गोडी लागली. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, लॅपटॉपमधी घड्याळ कुठी रायते? अन् थे मांगंपुढं कसं करतेत?" मला इतकं कौतुक वाटलं की मी सगळं दाखवलं. आपोआप वेळ घ्यायचं बटण आधी बंद करावं लागतं, हेही सांगितलं.

आता कुलपाविषयी थोडं. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेला संगणक. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि एका काळ्या पडद्यावर आमचं रोज भांडण चालतं. त्याच्याकडे एक सर्टिफिकेट असावं लागतं. बघणाऱ्याचा फोन ते तपासतो, खात्री पटली की कुलूप दाखवतो, नाही पटली की लाल होतो. सर्टिफिकेट मिळवायला फार वेळ लागत नाही. ते नीट बसवायला मात्र माझ्या नाकी नऊ आले.

पहिल्यांदा वेबसाईट उघडेचना. साध्या दाराने कोणी आलं तर त्याला कुलपाच्या दाराकडे पाठव, असं मी एका फाईलमध्ये लिहिलं होतं. आणि कुलपाच्या दाराने कोणी आलं तर त्याला साध्या दाराकडे पाठव, असं दुसऱ्या एका फाईलमध्ये कधीतरी चाचणीसाठी मीच लिहून विसरले होते. येणारा बिचारा दोन दारांमध्ये चकरा मारून मारून थकायचा आणि फोन हात टेकायचा. दोन खिडक्यांची कचेरी असते ना, ही खिडकी त्या खिडकीकडे पाठवते आणि ती पुन्हा हिच्याकडे, तसं. त्या कचेरीतले दोन्ही कारकून मीच होते, म्हणून शिव्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न पडला. शेवटी त्या मी नवऱ्याला दिल्या. त्याला सवय आहे.

ते सुटलं. माझ्या लॅपटॉपवर कुलूप दिसलं, नवऱ्याच्या फोनवर दिसलं. मी मोठ्या ऐटीत सासूबाईंच्या जुन्या फोनवर उघडून दाखवायला गेले, तर तिथे लाल. सासूबाई म्हणाल्या, "माह्या फोनले काय वैर हाय तुमचं?" दोन दिवस घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. तिसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर हसूच आलं. सर्टिफिकेट एकटं चालत नाही. त्याच्यासाठी शब्द टाकणारा एक मध्यस्थ असतो, आणि मध्यस्थाच्या मागे एक मोठं घराणं असतं, ज्याला सगळे फोन ओळखतात. मी सर्व्हरला सर्टिफिकेट दिलं होतं, मध्यस्थाचं नाव द्यायला विसरले होते. नवे फोन मध्यस्थाला कुठून तरी आधीच ओळखत होते, त्यांनी चालवून घेतलं. जुना फोन म्हणाला, ही कोणाची कोण, मधे कोण आहे, सांगा. माझं स्थळ घेऊन आलेल्या मावशींना आसेगावात हेच विचारलं गेलं होतं. म्हणजे सासूबाईंचा फोन सासूबाईंसारखाच निघाला. मध्यस्थाची फाईल शेजारीच पडली होती, ती जोडली आणि लाल गेलं.

रामनवमीच्या आधीच्या रविवारी मेळावा होता. मी सकाळी हॉलवर पोचले, आणि दारावरचा बॅनर पाहून तिथेच थबकले. वेबसाईटचा पत्ता दरवाजाएवढ्या अक्षरांत लिहिला होता आणि त्याच्या पुढे तीन वेळा डब्ल्यू. मी सासऱ्यांना दिलेल्या कागदावर डब्ल्यू नव्हते. सर्टिफिकेटवरही नव्हते.

"मामाजी, हे पुढे कोणी लावलं?"

"म्याच लावलं," ते म्हणाले. "नुसतं नाव कसं उघडंबोडकं दिसे. नावापुढं काही पाह्यजे का नाही? आपून माणसाले श्री लावतो. मोठ्या वेबसाईटीले डब्ल्यू लावतेत, म्या पाह्यलं हाय."

मेळाव्याचं आमंत्रण, बॅनर, पाण्याच्या बाटल्यांवरचे कागद, सगळीकडे श्री लागला होता. आणि फोन असल्या बाबतीत फार काटेकोर. सर्टिफिकेटवर एक नाव, दारात दुसऱ्याच नावाने हाक, म्हणजे लाल. लोक जमायला लागले होते, फोन काढून पत्ता टाकत होते आणि सासऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे लगेच खिशात ठेवत होते. नणंद अजून आलेली नव्हती, एवढंच नशीब.

मी आपला रोजचा लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसले. तिथे स्वयंपाक चालला होता. एकीकडे बट्ट्या तळल्या जात होत्या, दुसरीकडे मी दोन्ही नावांचं नवं सर्टिफिकेट मागत होते. सर्व्हरच्या फाईलमध्ये नवं नाव लिहिलं, ओळीच्या शेवटी एक चिन्ह राहून गेलं, आणि सर्व्हर चालू होईचना. आधी निदान लाल तरी दिसत होतं, आता काहीच दिसेना. आगीतून फुफाट्यात. आचारी मधूनमधून विचारत होता, "बाई, झालं का तुमचं? आमचं झालं." शेवटी अकराच्या सुमाराला नवं सर्टिफिकेट हातात पडलं. मी बसवलं, सर्व्हर उठला, आणि आचाऱ्याच्या तेलकट फोनवर पहिल्यांदा कुलूप दिसलं. मी त्याच्या फोनला नमस्कार करायची बाकी होते.

तोवर मुहूर्त कधीच टळून गेला होता. गुरुजींनी उद्घाटनासाठी नऊ छत्तीसची वेळ काढून दिली होती. पण उद्घाटन करणारे समाजाचे अध्यक्ष पोहरादेवीला दर्शन घेऊन येणार होते, आणि रामनवमीची यात्रा तोंडावर असताना पोहरादेवीहून वेळेवर निघेन म्हणणाऱ्या माणसावर फक्त आमचा समाजच विश्वास ठेवू शकतो. त्यांची गाडी गर्दीत अडकली. दर थोड्या वेळाने फोन यायचा, "निघालोच." ते आले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. माणसं घामाने निथळत होती, पोरं रडत होती, आणि बट्टीचा वास हॉलभर फिरत होता.

नणंद आली होती. लॅबमधून थेट, तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून बसली होती. मी तिला हाताने खूण केली, काळजी करू नकोस. ती हसली नाही.

मंचावर नारळ फुटला. घरचा जुना लॅपटॉप पडद्याला जोडलेला होता. गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मान हलवली. अध्यक्षांनी एक बोट पुढे केलं, सासऱ्यांनी ते धरून योग्य बटणावर नेलं, आणि मोठ्या पडद्यावर, सगळ्या समाजासमोर, कुलपाऐवजी लाल त्रिकोण उगवला. कनेक्शन सुरक्षित नाही.

मग मागच्या रांगेतून एक म्हातारेबुवा उठले. "चाला रे. लाल हाय." आणि सासऱ्यांनी गावोगाव फिरून तयार केलेले त्यांचे सगळे विद्यार्थी, शिकवल्याप्रमाणे, फोन खिशात टाकून उठायला लागले. "समोर म्या का असोना," हे त्यांनीच सांगितलं होतं. लोक ते पाळत होते.

नणंद उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, बापाकडे पाहिलं. सासरे पडद्याकडे पाठ करून जमिनीकडे बघत होते. त्यांच्या डोक्यावरचा फेटा एकदम मोठा दिसायला लागला. मला रडू फुटेल असं वाटलं, आणि मला रडू येतं तेव्हा आधी राग येतो. मी मंचावर धावले आणि लॅपटॉप ओढून घेतला.

माझ्या फोनवर पाहिलं तर कुलूप होतं. समोरच्या एका मुलाचा फोन हिसकावला, त्यावरही कुलूप. सर्व्हरला विचारलं, तो म्हणाला मी ठणठणीत आहे. फक्त या पडद्यावर लाल. बारीक अक्षरांत कारण लिहिलं होतं: सर्टिफिकेटच्या तारखेत गडबड. मुदत संपली असं त्याला म्हणायचं असेल, मला वाटलं. दोन तासांपूर्वी जन्मलेल्या सर्टिफिकेटची मुदत कशी संपेल? मी सर्व्हरला इतक्या शिव्या दिल्या, सर्टिफिकेट देणाऱ्यांना दिल्या, आचाऱ्यालाही दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारण लॅपटॉपच्या कोपऱ्यात, उजवीकडे खाली, वेळ दिसत होती. नऊ अडतीस.

मी पुन्हा पाहिलं. नऊ अडतीस. मग खात्री करायला भिंतीवर पाहिलं. तिथेही नऊ अडतीसच! खरं सांगते, दोन घड्याळं एकमताने बोलत असताना स्वतःवरचाच विश्वास उडतो. इतक्यात माझ्या पोटात कावळे ओरडले, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की एक वाजून गेला आहे.

"मामाजी," मी म्हणाले, "लॅपटॉपचं घड्याळ कोणी मागे केलं?"

"हळू बोल," सासरे कुजबुजले. "म्याच केलं. भिंतीवरचं बी केलं. मुहूर्त नऊ छत्तीसचा हाय ना."

मी वेळ बदलायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला. सासऱ्यांनी सुनेचा हात धरावा अशी आमच्याकडे रीत नाही, पण मुहूर्तापुढे रीत काय! "आता हात लावशीन तं मुहूर्त जाईन!"

"मामाजी, या कुलपाचं सर्टिफिकेट अकराला जन्मलं. तुमच्या घड्याळात अजून नऊ वाजले आहेत. जन्माच्या आधी लग्न कसं लावता?"

माइक चालू होता. ते आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. माझं वाक्य हॉलच्या चारही कोपऱ्यांत घुमलं, आणि आधी एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, मग दाराशी पोचलेले म्हातारेबुवा मागे वळून हसले. आमच्या समाजात निम्म्या लोकांची लग्नं याच माणसाने याच पद्धतीने लावलेली आहेत. त्यांना सगळं एकदम समजलं. एक जण ओरडला, "दादा, माह्या लग्नातबी असंच केलतं!"

सासरे गोरेमोरे झाले. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. नणंद अजून उभीच होती, तोंडावर पदर धरून. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मग सासऱ्यांनी गुरुजींना विचारलं, "आताचा टाइम कसा हाय?" गुरुजींनी पंचांग उघडलंसुद्धा नाही. भूक त्यांनाही लागली होती. "लय उत्तम हाय," ते म्हणाले.

सासऱ्यांनी माझा हात सोडला. "कर बाई पुढं."

मी वेळ बरोबर केली, पान पुन्हा उघडलं, आणि पडद्यावर पत्त्याच्या बाजूला ते एवढंसं कुलूप आलं. मागच्या रांगेतल्यांना ते दिसलंही नसेल, पण टाळ्या अशा पडल्या की अध्यक्षांना वाटलं त्यांच्यासाठीच आहेत. त्यांनी हात जोडले. सासरे मात्र खुर्ची घेऊन भिंतीकडे गेले आणि सगळ्यांच्या देखत घड्याळाचे काटे पुढे फिरवले. त्यांना काटे पुढे नेताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

नणंदेने त्या दिवशी काहीच केलं नाही. वरण-बट्टी जेवली आणि लॅबला परत गेली. आठवडाभर आम्ही कोणी तिच्यासमोर विषय काढला नाही. सासरे तर तिच्याशी हवामानावरच बोलायचे. मग एका संध्याकाळी ओसरीवर बसून ते फोनवर वेबसाईट चाळत होते, आणि एकदम ओरडले, "सूनबाई! हे पाह्य!"

तिने नाव टाकलं होतं. नाव, शिक्षण, उंची. खाली फोटोच्या जागी राखाडी चौकोन आणि त्यात कुलूप.

सासऱ्यांनी त्या चौकोनावर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. "फोटो काहून दिसत नाही?"

"विनंती पाठवावी लागते, मामाजी."

"अवं, माही पोरगी हाय थे!"

"बापालेही दिसनार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता. टाळ्या पडल्या होत्या."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "सर्व्हर तं तुह्याच हातात हाय ना? मांगून उघडून दे."

मला ते करता आलं असतं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली असती तर झालं असतं. मी म्हणाले, "उघडता येतं. पण देणार नाही." मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंग कर माही नोंदणी."

त्या वेबसाईटवर नोंदणीला दोनच दारं होती, वधूचं आणि वराचं. पालकांसाठी दार मी मुद्दामच ठेवलं नव्हतं. तेव्हा सासऱ्यांची नोंदणी वर म्हणून करावी लागली. वय चौसष्ट. व्यवसाय शेती. वैवाहिक स्थितीत 'विवाहित' असा पर्यायच नव्हता. मी विचारलं, "विधुर लिहू?" सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांनी सूपच आपटलं. "लिहून तं पाहा!" मग आम्ही अविवाहित लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "भेटली एखादी तं सांगजा. मले बी सुट्टी भेटन." नणंद आत चहा ठेवत होती, तिच्यापर्यंत हे सगळं जात होतं की नाही, माहीत नाही.

विनंतीबरोबर दोन ओळी लिहायची जागा असते. मुलं तिथे 'आपले प्रोफाईल आवडले' वगैरे लिहितात. मी विचारलं, "मामाजी, इथे काय लिहू?"

सासरे अंगणाकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "लिही. मांगच्या टायमाले तुले न इचारता फोटो देल्ला होता." घसा खाकरला. "थे माहं चुकलं. आता इचारून राह्यलो."

मी अक्षर न अक्षर तसंच लिहिलं. मला नीट दिसत नव्हतं, म्हणून वेळ लागला. सासूबाईंचे हात सुपात थांबले होते. मी बटण दाबलं आणि आत स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला.

चहा उतू गेल्याचा वास आला. मग नणंद दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते, पण आवाज अगदी मुलीकडच्या पाहुण्यांसारखा कडक काढला. "विनंती भेटली," ती म्हणाली. "इचार करून कळवतो."

"कळव," सासरे म्हणाले. "म्या हावो इथंच."

ती आत गेली. सासरे फोन दोन्ही हातांत धरून, त्या राखाडी चौकोनाकडे बघत ओसरीवर बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे सरकले आणि हळूच विचारलं, "सूनबाई, ह्याच्यातलं घड्याळ पुढं करता येते का वो?"

"नाही, मामाजी," मी म्हणाले. "इथे थांबावंच लागतं."

ते थांबले.